मोटरच्या खोलीतली चूल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चुलीच्या धुराचं नळकांडं भिंतीत बसवायचं. मी बाहेरून धरून उभा, ती आतून माती लावत होती. मधे भिंत. भोकातून तिचा हात दिसायचा, मनगटापर्यंत चिखलानं भरलेला, आणि आवाज यायचा.

"धरून ठेवा न नीट! हालवून कायले राहिले?"

"हात दुखून राहिला ना वं."

"दुखू द्या. लग्नात धरला होता तवा नाई दुखला."

माती आमच्याच वाफ्यातली. त्यात तिनं कुटाराचा भुसा आणि शेण घालून पायानं तुडवलं होतं, थांबत थांबत, भिंतीला हात टेकून. नळकांड्याच्या गळ्याशी तिनं मातीचा जाड थर दिला आणि वरून चार बोटं ओढली. मग भोकाशी तोंड आणून म्हणाली, "आता चार-पाच दिस पेटवाची नाई. रोज सकाय ओला हात फिरवा लागते, नाई त तडकते. तडकली का धूर घरात."

मी म्हटलं, "तूच फिरव. मले नाई जमत."

"काहून? तुमाले का हात नाई?"

तिला दमा होता. धुरानं वाढायचा आणि थंडीनं पण वाढायचा. अमरावतीच्या डॉक्टरनं दोन गोष्टी बजावल्या होत्या, धूर नको आणि थंडी नको. घर केवढं आहे ते त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

घर म्हणजे विहिरीवरची मोटरची खोली. चांदूर बाजारच्या अलीकडे आमचा मळा होता. आम्ही भाजीपाल्याची माणसं, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेला झेंडू. मग चहूबाजूंनी बोअर झाले, एकाचा दुसऱ्यापेक्षा खोल, आणि आमच्या विहिरीनं तळ दाखवला. मोटर काढून विकली. स्टार्टरची पेटी भिंतीवर तशीच राहिली. गावातलं घर दोन खोल्यांचं, त्यात मुलगा, सून, त्यांची लेकरं. हिच्या खोकल्यानं रात्रभर कोणाला झोप नाही. कोणी काही बोललं नाही, पण एक दिवस तिनंच गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "चाला, मोटरच्या खोलीत राहू. तठी खोकली त ऐकाले तुमीच."

खाट टाकली की खोलीचं दार अर्धंच उघडायचं. माणसानं आडवं होऊन आत शिरायचं, आडवं होऊन बाहेर पडायचं. खिडकी नव्हती. मोटरला कशाला लागते खिडकी?

उन्हाळा-पावसाळा निघाला, कारण चूल बाहेर होती, पत्र्याच्या आडोशाला. थंडी पडली तशी पंचाईत झाली. बाहेरच्या लोकांना वाटतं वऱ्हाडात ऊनच असतं. त्यांनी पुसाच्या थंडीत मोकळ्या वावरात पत्र्याखाली झोपून बघावं. पत्रा आतून घामेजायचा आणि गार थेंब तोंडावर पडायचे. चूल आत घेतली तर धूर जायला वाट नाही. दार लावलं तर धूर, उघडलं तर थंडी. तो पहिला हिवाळा आम्ही दार लावण्या-उघडण्यातच काढला.

जळण फुकट होतं. साऱ्या शिवारात पऱ्हाटी, कपाशीची वाळकी झाडं, उभीच होती, उपटा आणि न्या. पण तिला पऱ्हाटीचा धूर मुळीच सोसायचा नाही. त्या वर्षांत कपाशीवर औषधावर औषध मारत होते, तरी अळी मरत नव्हती. ती म्हणायची, "अळी नाई मेली, आता माह्यावर मारून राहिले." मी म्हणायचो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पण त्या धुराला खरंच वास यायचा, कडू.

मग विजेची शेगडी आणली, तारेच्या वेटोळ्याची. लाईन आली की लाल होते, धूर नाही, वास नाही. ती पहिल्या दिवशी तिच्यापुढं हात धरून नव्या नवरीसारखी बसली होती. पण गावाची लाईन वेगळी आणि शेताची वेगळी, आणि आमची खोली शेताच्या लाईनवर. लोडशेडिंगचे दिवस ते. एक आठवडा लाईन दिवसा, एक आठवडा रात्री, आणि तीही सांगितल्या वेळेला येईल तर शपथ. म्हणून शेतकरी माणूस काय करतो, मोटरचं बटन चालूच ठेवून घरी जातो. येईल तेव्हा येईल, मोटर आपली सुरू होईल, पाणी वाफ्यात. जन्मभर आम्ही तेच केलं. तिनं शेगडीचंही बटन तसंच लावून ठेवलं आणि आम्ही दोघं बाजाराला गेलो. वर दोरीवर गोधडी वाळत होती, ती खाली सरकली असेल. लाईन त्या दिवशी नेमकी लवकर आली. परत आलो तर अर्ध्या दारातून धूर निघत होता.

पाणी मारून विझवल्यावर ती काळ्या चिंध्यांकडे बघत म्हणाली, "मोटरचं त कधी असं नाई झालं."

"मोटरवर गोधडी वायत घातली होती का कधी?"

ती हसायला लागली. मी पण. मग हसण्याचा खोकला झाला आणि तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. भिंतीतली वायर जळाली होती. शेगडी गेली, बल्ब पण गेला.

रॉकेलचा स्टोव्ह झाला. रॉकेल मुलाच्या कार्डावर यायचं, त्यातलं आम्हाला किती मिळणार? स्टोव्हला पंप मारता मारता मला घाम यायचा, तेवढीच काय ती ऊब. वासानं तिचं डोकं धरायचं. गॅसचंही विचारलं. नंबर लावायला घराचा कागद मागत होते, आणि आमच्या कागदावर घर नव्हतं, विहीर होती. शिवाय गॅसवर भाकर होते, खोली गरम होत नाही. बाजारात एक जण उन्हावर चालणारे दिवे विकत होता. एक घेतला. दिवसभर पत्र्यावर ठेवायचा, संध्याकाळी आत टांगायचा. पहिल्या संध्याकाळी ती त्या पांढऱ्या उजेडात माझ्याकडं बघून म्हणाली, "हे बेस झालं. आता एकमेकाले कुडकुडताना पायता येते."

मुलगा आला की तेच बोलायचा. "माय, घरी चाल."

"घरी का मैदान हाय का बापा? तुह्या लेकराईले झोपू दे."

नळकांड्याचं तिलाच सुचलं. डॉक्टरकडून परत येताना चांदूर बाजारच्या स्टँडवर बस लागायची होती. समोर चहाचं दुकान. ती उठली आणि सरळ भट्टीपाशी जाऊन वाकून बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "बाई, चहा पायजे का भट्टी?"

"भट्टी," ती म्हणाली. "तुमचा धूर जाते कुठं?"

त्यानं वर बोट केलं. भट्टीच्या मागून एक पत्र्याचं नळकांडं निघून छपरातून बाहेर गेलं होतं. दुकानात धूर म्हणून नव्हता, दुकानदार खोकत नव्हता. बस आली आणि गेली. ती तिथंच उभी.

दुसऱ्या खेपेला आम्ही पत्र्याचं काम करणाऱ्या मुसलमान कारागिराकडं गेलो. तेलाच्या डब्याचे कंदील, गाळण्या, धान्याच्या कोठ्या, सगळं करायचा तो. तिनं हातवारे करून सांगितलं, तो ऐकत राहिला.

"भाभी, पाईप चुलीले पायजे का जहाजाले?"

"चुलीले, भाऊ."

"खोली कितनी बडी है?"

"तुमच्या दुकानापेक्षा लहान."

"अरे बाप! तो उसमे चूल और काकाजी, दोनो कैसे मावते?"

"चूल आत," ती म्हणाली, "काकाजी बाहेर."

तो इतका हसला की हातोडी खाली ठेवली. वर टोपी लावून दिली, पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून. बसमध्ये ते नळकांडं तिनं मांडीवर आडवं धरलं होतं, लेकरासारखं, आणि कंडक्टरला त्याचं तिकीट काढू देत नव्हती.

तोवर दुसरी थंडी सुरू झाली होती. मी स्टार्टरची पेटी काढली आणि त्याच जागी छन्नीनं भोक पाडलं. मोटरवाल्यांनी भिंत चांगली बांधली होती, विटा हलता हलेनात. तिनं आत चूल घातली, मागच्या बाजूला नळकांड्याचं तोंड ठेवून. ओटा, वैल, सगळं नीट. ती म्हणाली, वाळली की पहिल्यांदा दूध उतू घालू, मग दार लावून घेऊ आणि आत बसू. "मंग बाहेरची थंडी बाहेर. कोनी दार ठोकलं तरी उघडाचं नाई." दार लावून बसायचं, एवढीच तिची हौस होती.

नळकांडं बसवून झाल्यावर तिनं हात धुतले आणि विहिरीच्या कठड्यावर उन्हात बसली. मी छन्नी-हातोडा पुसत होतो. तिच्या श्वासाचा ओढल्यासारखा आवाज येत होता. तो रोजचाच, म्हणून मी वळलो नाही. मग आवाज येईना, तेव्हा वळलो.

शेजारच्या वावरातल्या गड्याला गावात पळवलं. मुलगा मोटरसायकल घेऊन आला. तिला आमच्या दोघांच्या मधे बसवलं. ती होती अजून, माझा हात धरून होती. फाट्याजवळ तिची मान मागं माझ्या छातीवर पडली. मुलगा गाडी पळवतच होता. मी त्याला थोडा वेळ काही सांगितलं नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मसणातून येताना गावातल्या एकानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "औषध त नाई ना घेतलं?" मला राग आला नाही. त्या वर्षांत बाई असो का माणूस, लोक आधी तेच विचारत. मी म्हटलं, "नाही. दम्यानं गेली." त्याला बरं वाटलं असावं.

मुलाच्या घरी चूल पेटणार नव्हती. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणली, मी ओट्यावर पडून राहिलो. आतमध्ये कोणी खोकत नव्हतं.

सकाळी उजाडल्यावर मी कोणाला न सांगता मळ्यात गेलो. आडवा होऊन खोलीत शिरलो. चूल वरून पांढुरकी व्हायला लागली होती. नळकांड्याच्या गळ्याशी, तिनं चार बोटं ओढली होती तिथंच, मातीला भेग पडली होती. बारीक, पण पडली होती.

बादलीत काल उरलेला चिखल होता. त्यात पाणी टाकून मी तो मळत बसलो. मुलगा मागं आला. दारात उभा राहिला, दोघांना आत जागा नव्हती.

"बाबा, सुतकात चुलीले हात नाई लावत."

"पेटवली कुठं हाय? माती हाय ते."

"चाला घरी. आता कोनासाठी करून राहिले हे?"

"तडकली का धूर घरात," मी म्हटलं.



मी तिच्या बोटांच्या खुणांवर माझी बोटं ठेवून पाहिली. माझी जाड, बसली नाहीत. मग ओला हात फिरवला. भेग बुजली, बोटंही गेली. पुन्हा एकदा फिरवला, आणि बाहेरच्या बाजूनं कुठं तडकलं आहे का ते पाहायला भिंतीला वळसा घालून गेलो.