उंचावर टांगलेली बाटली

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शुक्री कैनाडच्या पाड्यावर बुधीबाईच्या ओट्यावर बसली होती आणि मोबाइलची फुगलेली बॅटरी कोरड्या रेतीच्या डब्यात पुरत होती. शेजारच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार ट्यूबलाइट, गोणीत एक मिक्सर आणि चार्जरच्या वायरी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती घरोघर जाऊन असा कचरा गोळा करते. पंचायतीने हे काम तिला दोन वर्षांपूर्वी दिलं. त्याआधी या वस्तू चुलीमागे, ओढ्यात किंवा जाळात जात.

"हा रेडिओपण ने," बुधीबाई म्हणाली. "पाच वर्सं झाली, बोलत नाही."

"तुझा म्हातारा तरी कुठं बोलतो, काकी?"

"त्यालाही ने. टेम्पोत जागा हाय ना?"

शुक्रीने रेडिओतले सेल काढून वेगळे ठेवले. मग प्रत्येक घरी शेवटी विचारते तो प्रश्न विचारला. "फवारणीचं औषध कशात ठेवलंय? दाखव."

बुधीबाईने वाद न घालता दुकानातून आणलेली मूळ बाटली आणून दाखवली. या प्रश्नावर पाड्यात कोणी शुक्रीशी थट्टा करत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या माघात तिचा मुलगा मुकेश मिरचीवर फवारत होता. पंप मध्येच बिघडला. बादलीत कालवलेलं दाट औषध उरलं. ते ओतून देणं शुक्रीच्या जिवावर आलं. तिने ते प्लास्टिकच्या बाटलीत भरलं आणि मुलांच्या हाताला लागू नये म्हणून कुडाच्या भिंतीवर उंच खुंटीला टांगलं. विषारी वस्तू उंच ठेवावी, हे तिला माहीत होतं. पण ताडीची बाटलीही पाड्यात याच कारणासाठी उंचच टांगतात. पाण्यात कालवलेलं ते औषध ताडीसारखंच पांढरं दिसत होतं.

दुपारी तिचा नवरा चिमण उन्हातून आला आणि ताडी समजून त्याने ती बाटली काढली. वास आला तोवर दोन घोट पोटात गेले होते. तिसऱ्या दिवशी डहाणूच्या दवाखान्यात तो वारला. मुकेश बायको रविनाला घेऊन शेताच्या कडेला वेगळा राहू लागला. तेव्हापासून त्याने आईच्या हातचं पाणी घेतलेलं नाही.

दोन वर्षांत शुक्रीने पाड्यातल्या सगळ्या घरांतून जुनी औषधं नेली. फक्त मुकेशच्या घरून नाही. त्याच्याकडे मुदत संपलेली एक बाटली आहे, हे तिला रविनाने सांगितलं आहे. ती त्याने एकदा आपल्या हातात द्यावी, एवढंच तिला हवं आहे. हे तिने बुधीबाईला सरळ सांगितलं, मान खाली घालून वायरी गुंडाळत.

नऊच्या सुमारास ती त्याच्या अंगणात पोचली. रविनाने बंद पडलेला मोबाइल आणि दोन ट्यूब आणून दिल्या. मुकेश पंपाचा नोझल साफ करत बसला होता.

"औषध?" शुक्रीने विचारलं.

"हाय. मूळ बाटलीत. झाकण घट्ट, पेटीला कुलूप. तू वाटतेस त्या कागदावर लिवलंय तसंच."

"मग दे. उद्या टेम्पो येतोय."

त्याने नोझल उन्हात धरून आरपार पाहिला. "तुझ्या हातात नाही देणार, आये."

रविना आत निघून गेली. शुक्रीने ट्यूबची लांबी बघून कागद फाडला, दोन्ही गुंडाळल्या, खोक्यात उभ्या लावल्या. हे करायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"पंचायतीच्या शेडवर पांड्या असतो," ती म्हणाली. "त्याच्याकडे दे. सरळ धरून ने, आडवी नको. आणि नंतर हात धू."

"उद्या नेतो."

तिने यादीत मुकेशच्या नावासमोर 'औषध, उद्या' असं लिहिलं आणि पुढच्या घराकडे निघाली.

पंचायतीची शेड मंगळवारी सकाळी आठ ते नऊ उघडी असते. तिथे पांड्या बाटल्या मोजून घेतो, साडेनऊला टेम्पो त्या घेऊन जातो. त्या तासात शुक्री पलीकडच्या पाड्यावर उरलेली घरं करत असते. मुकेशला हे वेळापत्रक माहीत आहे; शेडवर आईची गाठ पडणार नाही, हेही.