गरम पिठाचा डबा

इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावर एका बाईची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभी केलेली. सुरुवातीला सायकलवरून घरोघरचे डबे गोळा करायची. अजूनही प्रत्येकाचं पीठ चिमटीत घेऊन पाहते आणि बजावते, "गरम हाय, झाकण लावू नका. वाफ कोंडली की नासतं."

माझे यजमान गेल्यानंतर मी पहिल्यांदा दळण घेऊन गेले. नेहमीच्या दहा किलोंऐवजी चारच किलो गहू. तिनं काटा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि गहू गिरणीत ओतले. दळण झाल्यावर मी घाईनं झाकण लावलं. तिनं ते हळूच काढलं.

"मी वर्षभर लावून बसले व्हते, ताई. तुम्ही नका लावू."

भर दुपारी, उघडा डबा कडेवर घेऊन, मी रस्त्यानं रडत घरी आले.