थरथरणारा आरसा

चैत्रातल्या दुपारी अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, जडसर वास घरभर भरून राहतो आणि त्यांच्यावरची तापलेली हवा अशी लवलवते, की पलीकडचं कुंपणही पाण्यात बुडाल्यासारखं हलताना दिसतं. अशाच एका दुपारी सुजाता, पुण्यात यंत्रं घडवणारी माझी एकुलती लेक, हळूच म्हणाली, की दूरदेशी एका डोंगरावरच्या थोरल्या दुर्बिणीला त्यांचं नवं यंत्र बसवायचं आहे आणि तिला दोन-तीन वर्षं तिथेच राहावं लागेल. मी इथे एकटी. म्हणून तिने अजून होकार कळवला नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहत ती थांबली होती.

मी यंत्राचंच विचारलं.

"दुर्बीण तीच राहते, माय. पण वरची हवा हालते ना, तं तारा पसरट दिसते."

"मंग चारी बाजूनं बांबूचे तट्टे बांधा ना, हवा अडते!"

ती पोट धरून हसली. "आभाळाले कुठी तट्टे बांधू? हवा जशी हालते, तसाच आमी एक बारका आरसा हालवतो. मंग तारा साफ दिसते."

कुंपणापलीकडून शेजारच्या कौसाबाईंनी टोमणा मारलाच, "काऊन वो, इथले तारे कमी पडले का पोरीले?"

एरवी मी मान खाली घालून फुलं पसरत राहिले असते. पण हवेला न अडवता, तिच्या थरथरीशी आपली थरथर जुळवून दूरचं उजळ करणारी ती इवलीशी काच मनातून जाईना. माझाही आवाज कापत होता, तो थांबायची वाट न पाहता मी म्हणाले, "जाऊ द्या वो बाई, पाहू द्या तिले." सुजाताने तोंड फिरवलं आणि कितीतरी वेळ ती नुसतीच फुलं चाळवत राहिली.

आता धान पिवळं पडलं आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात बांधांवरून दवाचा, गवताचा वास येतो. काल तिचा फोन आला. यंत्र बसलं. त्या दुर्बिणीतून आजवर एकच वाटणारा एक तारा प्रत्यक्षात दोन निघाला.

"जवळ जवळ हायेत का?" मी विचारलं.

"नाई माय, लई दूर. पण एकमेकाच्याच भोवती फिरतात."

इतकी वर्षं मीही आम्हा दोघींना एकच समजत आले होते का? मी फोन कानालाच धरून ठेवला. तिनेही फोन ठेवला नाही.