ओवाळायला बाई पाहिजे

"वर्दी उतरव. साडी नेसून ये."

रेंजर साहेब चारचौघांत बोलले. वनखात्याच्या आमच्या ऑफिसात महिला दिनाचा कार्यक्रम होता. मी वनरक्षक. पहाटेची जंगलातली गस्त आटोपून नुकतीच आले होते, बुटांवर धूळ होती. मंडपाच्या दाराशी तबक तयार. कुंकू, निरांजन, सगळं. वरून मोठे साहेब येणार, त्यांना ओवाळायला बाई पाहिजे. ऑफिसात बाई एकच. मी.

पवनीजवळच्या आमच्या गावात माझी माय याच खात्याच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायची. तेव्हा सरकारला बाई चालायची ती रोजंदारीवर. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडाऱ्यात भरती निघाली, बायकांसाठी जागा राखलेल्या. मैदानात धावले, लागले. मला बीट मिळालं, म्हणजे माझ्या नावानं राखायचं जंगल. वर्दी घातली त्या दिवशी माय रडली. मला वाटलं, सरकार सुधारलं. किती भोळी मी!

"साहेब, आमच्या घरी ओवाळत नाहीत," मी म्हटलं. आम्ही बौद्ध.

मोठा बाबू मागून हसला. "यायच्यात नाही राहत ते, साहेब. गावातून दुसरी आणू का?"

"आता कुठून आणतं?" रेंजर साहेब त्याला म्हणाले, मग माझ्याकडं वळले. "फोटोपुरतं धर न बाई. कायले भाव खाऊन राहिली?"

फोटोपुरतं! अंगाची आग झाली. माझ्याबरोबरचे गार्ड तिथंच उभे होते, वर्दीत. त्यांना कोणी कपडे बदलायला सांगितलं नव्हतं. मी तबक उचललं आणि रेंजर साहेबांच्या हातात दिलं.

"तुमीच ओवाळा, साहेब. मी ड्युटीवर आहो."

मोठे साहेब आले, तसेच आत गेले. भाषणात म्हणाले, "सरकार महिलांच्या पाठीशी आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

आठवड्याच्या आत माझं बीट काढून घेतलं. ऑफिसात बसवलं, आल्यागेल्याला पाणी द्यायला. आता रेंजर साहेब म्हणतात, "माफी माग, देतो बीट वापस." मायही म्हणते, "माग न वं, तोंडानं बोलाले काय जाते?"

जाते, माय. परवा दोन पोरी नव्यानं भरती होऊन आल्या. साहेब त्यांना विचारत होते, रांगोळी येते का. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी माफी मागितली तर त्यांना जंगल दिसणारच नाही.

माफी मागणार नाही. बीट मागणार. रोज, साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून. नाही दिलं तर वर जाणार, तिथं नाही मिळालं तर कोर्टात. आणि पाण्याचा ग्लास आजपासून उचलणार नाही.