लिलीची पानं का गळाली

पहिलं पान गळालं त्या सकाळी मी फारसं लक्ष दिलं नाही. धुळ्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर फुटबॉल लिलीची एकच कुंडी होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. कारण कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही. त्यानंतर ती जळगावहून माहेरी आली, आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही आणि एका दुपारी या कुंडीत तिने लिलीचा कांदा लावला. आता ती पुन्हा गरोदर होती, सातवा लागला होता. ती बाळंतपणासाठी आली होती, आणि तिच्यासाठी साक्रीकडच्या गावाहून माझी मोठी नणंदही येऊन राहिली होती. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो.

दुसऱ्या सकाळी दुसरं पान पडलं, तिसऱ्या सकाळी तिसरं. श्रावणात या लिलीची पानं जात नाहीत, थंडीत जातात. शिवाय जाणारं पान आधी पिवळं पडतं. ही हिरवीच होती, टोकाला जराशी करपलेली, आणि बुडातून सुटून फरशीवर पडलेली असायची. रोज एकच. मुलगी उठली की आधी ओट्यावर जायची, "आई, आजही," एवढं म्हणायची आणि पोटावर हात ठेवून आत यायची. पडलेली पानं ती फेकत नव्हती. ती मला तिच्या उशीखाली सापडली.

कॉलेजात मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय, आणि माझ्याच दारात एक कुंडी मला वेड्यात काढत होती. मी पाणी तोडलं, भिंग घेऊन पानांच्या पाठी अळ्या शोधल्या, कुंडी उचलून पलीकडे ठेवली. काही फरक नाही. शेवटी चिडून मी कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. कांदा घट्ट होता, कुजल्याचा वास नव्हता, पण मुळांची टोकं तपकिरी झाली होती. आणि मातीत मोहरी होती. पुष्कळ मोहरी. ओल्या मातीत मोहरी तीन दिवसांत उगवते. ही फुगून तशीच मेली होती. कुंडीच्या काठावर पांढरं काही साचलं होतं, ते नखाने खरवडून मी जिभेला लावलं. मीठ होतं.

अक्का रोज दिवेलागणीला मुलीवरून मीठ-मोहरी ओवाळून तिची दृष्ट काढायच्या, ते मला माहीत होतं. ओवाळलेलं चुलीत टाकतात; आमच्या गॅसच्या घरात ते जातं कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं.

"चुल्हा कोठे शे तुन्हा घरमा?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "ते झाड पोरनं लायेल शे. त्यामाच टाकस मी. पोरवरलं बठ्ठं ते आपलावर लेस. रोज पान पडस ना? पडू दे."

म्हणजे पोरीवरचं सगळं त्या झाडाने स्वतःवर घ्यायचं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अक्का, झाड मिठाने मरतंय!"

"मरू दे, मास्तरीन. लेकरू जगाले पायजे."

त्या दिवसापासून ओवाळलेलं मीठ मोरीत जाऊ लागलं. मी कांदा नळाखाली धुतला, करपलेली मुळं छाटली, दोन दिवस सावलीत सुकू दिला आणि नव्या माती-वाळूत, माथा उघडा ठेवून लावला. मुलीला सगळं खरं सांगितलं. ती कितीतरी दिवसांनी हसली. उरलेली दोन पानं टिकली, आणि दहाव्या सकाळी मधून हिरवा कोंब वर आला. मला इतका आनंद झाला की मी तिला हाका मारत सुटले.

ती दारात आली. कोंबाकडे तिने पाहिलंही नाही. "आई, बाळ कालपासून हललं नाही."

रिक्षा करून आम्ही दोघींनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मशीन लावलं. ठोके नीट होते. झोपलं असेल, असं म्हणून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. घरी आलो तेव्हा अक्का ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी कोंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पुढची शेंग उचलली.

मुलगी आत जाऊन पडली. मी स्वयंपाकघरातून मूठभर मीठ आणलं आणि त्या कोंबावर टाकलं. काय करतेय ते मला पक्कं ठाऊक होतं. खारट मातीत मुळातलं पाणी उलटं बाहेर कसं खेचलं जातं, हे मी फळ्यावर कितीदा काढून दाखवलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं, तिसऱ्या दिवशीही. मग रोजच.

दिवाळीनंतर मुलगी झाली, सुखरूप. जळगावला निघताना माझी लेक कुंडीपाशी थांबली. तीत काहीच उरलं नव्हतं.

"आई, बरं झालं होतं ना गं हे? मग कशाने गेलं?"

"पाणी जास्त झालं," मी म्हणाले.

कुंडी अजून तिथेच आहे. तीत मी दुसरं काही लावलेलं नाही. नातीला ताप आहे असा जळगावहून फोन आला, की मी आधी डॉक्टरांनी काय दिलं ते नीट विचारून घेते. मग फोन ठेवते आणि मिठाची बरणी घेऊन ओट्यावर जाते.