नंदाची नाडी मनगटात नव्हती

डॉक्टर आले, त्यांनी नंदाचं मनगट धरलं आणि मान हलवली. घरात रडारड सुरू झाली. मी मात्र त्या भल्या माणसावरच खेकसले, "तिथं काय पाहून राह्यले? तिची नाडी मनगटात नसतेच! मानेले पाहा!" डॉक्टर आमच्या देवळी गावात नवे, त्यांना काय माहीत! त्यांनी निमूट मानेवर बोटं ठेवली, छातीला नळी लावली... तेवढा वेळ सगळ्यांसाठी ती गेलेली होती, माझ्यासाठी नव्हती. मग ते हळूच म्हणाले, "नाही हो, ताई." या गोष्टीला आता दीडेक महिना होईल.

नंदा माझी धाकटी जाऊ. खाली आमचं कापडाचं दुकान, वर आम्हा दोघींचे संसार. लग्न होऊन आली तीच अशी काटकुळी, की सासूबाई म्हणाल्या, "फुक मारली तं उडून जाईन व हे!" कपडे वाळत घालताना तिचे हात मध्येच खाली यायचे. "हात भरून येते वो ताई," म्हणायची आणि हसायची. एक दिवस जिन्यातच छाती धरून बसली, तेव्हा मी तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. नर्सने बीपीचा पट्टा एका हाताला बांधला, मग दुसऱ्याला, मग मशीनच बदललं. काही केल्या आकडा येईना. नंदा माझ्या कानाशी लागली, "मी जित्ती तं हावो ना वो ताई?" शेवटी एक वयस्क डॉक्टर आले. दोन्ही मनगटं चाचपली, गळ्याला नळी लावली आणि बीपी मांडीला पट्टा बांधून घेतलं. मग मला समोर बसवून सांगितलं. हृदयातून निघते ती मोठी धमनी, तिच्या भिंतीलाच सूज होती. हातांकडे जाणाऱ्या फांद्या आवळल्या होत्या, म्हणून मनगटात नाडी नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तिथूनच निघतात, त्यांचीही तोंडं बुजत आली होती. बायपास करावं लागणार होतं.

"मग करा ना," मी म्हटलं.

"आता नाही. सुजलेल्या भिंतीवर टाका टिकत नाही. आधी सूज उतरू द्या." आणि तोवर कधीही झटका येऊ शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

म्हणजे जीव मुठीत धरून वाट पाहायची! सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्याच गोळ्यांनी नंदाचा चेहरा पुरीसारखा टम्म फुगला. सासूबाईंना कोण आनंद! "आता कशी भरली माही पोरगी!" म्हणून येईल त्याला दाखवायच्या. बाजारात बायका विचारायच्या, "काय खाऊन राह्यली व नंदा?" ती बिचारी आरशासमोर जाईना. "अहो आई, हे गोळ्याइनं आलेलं हाये," मी सांगून थकले, पण ऐकतील तर शपथ! पुढे रक्ताचे रिपोर्ट सुधारले, डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि तिचे गाल उतरू लागले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, "वाळून राह्यली व पोरगी, आता काई खरं नाई!" आणि आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होतो. तिच्या गालांची हाडं दिसायला लागली ना, मला दिवाळी आल्यासारखं वाटलं.

ऑपरेशन नागपूरला झालं. बायपासला बहुतेक वेळा छातीच्या आतली धमनी वापरतात म्हणे, पण हिची ती आजारी फांदीवरूनच निघत होती, म्हणून पायातली शीर काढून लावली. आत नेताना तिनं माझा हात धरला. "ताई, मी परत नाई आली तं..."

"चूप! परत येजो. तुह्या सासूले मी एकटी नाई सांभाळत."

आली. चांगली वर्षं मिळाली. पोरीचं लग्न पाहिलं, नातवाला मांडीवर घेतलं. पण हा आजार घर सोडून जात नाही, मध्ये मध्ये डोकं वर काढतो. गेल्या वर्षी नळ्या पुन्हा आवळल्या आणि दुसरं ऑपरेशन तिला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी रडले, ती नाही. मला सख्खी बहीण नव्हती हो. ही होती.

शेवटच्या महिन्यांत आम्ही बाजारात निघालो, की तिला दम लागायचा. बोलून दाखवील तर ती नंदा कसली! भांड्यांच्या दुकानासमोर आलं, की म्हणायची, "ताई, थांबा ना, हा गंज पाहू जरा." मी समजायचे. तिला दुकानातल्या स्टुलावर बसवायचे आणि त्या पितळी पातेल्यावरून दुकानदाराशी भांडायला लागायचे. भाव जास्त, पत्रा पातळ, बूड वाकडं... तिचा श्वास जागेवर येईपर्यंत माझी घासाघीस चालायची. मग ती उठायची, "राहू द्या ताई, पुढच्या खेपेले घेऊ."

परवा एकटीच गेले होते. पाय आपोआप तिथंच थांबले. दुकानदारानं तो गंज काढून समोर ठेवला आणि भांडणाची वाट पाहत उभा राहिला. मी त्यानं सांगितला तो भाव दिला आणि गंज उचलला. घासाघीस कोणासाठी करायची होती आता...