अकरा मीटरवरचा दगड

आमचे मामा बोअरवाले. इमारतीचा पाया घालण्याआधी जमिनीला भोक पाडायचं आणि खाली काय आहे ते कागदावर लिहून द्यायचं, हा त्यांचा धंदा. वर आलेल्या मातीची चिमूट ते दाताखाली धरत. कचकचली तर गाळ, नाहीतर चिकणमाती. मामी म्हणायच्या, "भाजीत मीठ नाही हे यांना कळत नाही, चिखलाची चव मात्र बरोबर कळते!"

आम्ही येऊन राहिलो त्या उत्तरेकडच्या या थंड मुलखातली जमीन भलती फसवी. हजारो वर्षांपूर्वी अवाढव्य बर्फाची कड इथवर आली होती. तिच्यापुढच्या तळ्यात बारीक गाळ साचत गेला आणि वितळत्या बर्फातून सुटलेले खोलीएवढे दगड त्या गाळात रुतून बसले. म्हणून बोअरवाल्यांचा नियम असा, की दगड लागला तरी आणखी तीन मीटर खाली जायचं आणि मगच 'खडक' लिहायचं. वीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या जागेवर मामा दगडात एकच मीटर जाऊन थांबले आणि 'खडक' लिहून मोकळे झाले. मशीनचं पातं बोथट झालं होतं आणि पोटात कावळे ओरडत होते, एवढंच कारण.

त्याच शाळेत मी शिकवते. मामांची नात तिसऱ्या मजल्यावर बसते.

मंगळवारी मामा शाळेशेजारी नव्या इमारतीसाठी खणलेल्या खोल खड्ड्यात बोअर घेत होते. अकरा मीटरवर दगड लागला, शाळेखाली लागला होता तसाच. या वेळी ते थांबले नाहीत. दीड मीटरनंतर दांडा एकदम खाली गेला आणि राखाडी गाळ वर आला. थोड्याच वेळात ते माझ्या वर्गाच्या दारात उभे होते, पांढरेफटक.

"पोरांना बाहेर काढ. खाली खडक नाहीये."

"मामा, कसली चेष्टा ही?"

"त्या कोपऱ्यातली भेग बघ. काल करंगळी जात होती. आज पंजा जातोय. खड्ड्यामुळे खालचा गाळ सरकतोय गं!"

मी भेगेत हात घालून पाहिला आणि धावत मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. त्या घंटेकडे धावल्या, तर मामांनी त्यांचा हात धरला. "घंटा नको. पोरं धावतील."

मग आम्ही मुलांना सांगितलं, खेळ आहे. अजिबात आवाज न करता जो वर्ग खाली उतरेल तो जिंकला. चारशे मुलं चवड्यांवर उतरत होती आणि जिन्याच्या भिंतीतून भुरभुर माती गळत होती. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. तिसरा मजला शेवटी आला.

नात दिसली तसे मामा मैदानातच खाली बसले आणि हंबरडा फोडून रडायला लागले. तिने धावत येऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"आबा, गप्प! तुमच्यामुळे आमचा वर्ग हरेल ना!"